खोलीचं तापमान

पुस्तकात खोलीचं तापमान तीनशे केल्व्हिन.
कुठली खोली, कुणाची, ते लिहिलेलं नाही.
आमच्या प्रयोगशाळेत उखाभाऊंनी टांगलेला तापमापक
मे महिन्यात दुपारी दोनला
पंचेचाळीसवर चिकटून बसतो.
त्यात दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे.
तीनशे अठरा.
हे वरचे अठरा जळगावचे,
कुणाच्या खात्यावर टाकू?

एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. प्रकल्प:
काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साईडची फिल्म.
पट्टी आधी आम्लात उकळायची, मग धुवायची,
बोटाचा ठसासुद्धा चालत नाही.
मग चारशे अंशांच्या तव्यावर ठेवून
वरून द्रावणाचा फवारा,
केळीवर मारतात त्याहून कितीतरी बारीक.
जुबेदा तडवी म्हणते, तू पापडच भाजतेस गं.
तिचं काम संगणकावरचं, तिला चटका बसत नाही.
फक्त लाईट गेली की
तिचे सहा तासांचे इलेक्ट्रॉन
हिशेब न देता निघून जातात.

लाईट जाते.
तवा साडेतीनशे, तीनशे, दोनशे नव्वद.
खिडकीतून गिरणेचं पात्र दिसतं,
वाळू, वाळू, मध्ये एक ओली रेघ.
फिल्मला तडा जातो, आवाज न करता.
मी पट्टी टोपलीत टाकायला जाते
तर कोल्हे मॅडम दारातूनच म्हणतात,
टाकू नकोस. तडासुद्धा वाचन आहे.
तारीख घाल.
माझ्याकडे सोळा पट्ट्या आहेत.
अकरांवर नुसत्या तारखा.

शनिवारी पारोळ्याला.
बापूंचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान,
जळक्या वार्निशचा वास रस्त्यापर्यंत.
तारेभोवती चुंबकी क्षेत्र कसं फिरतं
ते मी फळ्यावर चार ओळींत मांडू शकते,
पण बापू टर्न मोजत असताना
घरात कुणी बोलायचं नाही,
हा नियम मला आधी कळला.
आई चहा ठेवून जाते, तो गार होतो.
एक टर्न चुकना का मोटर जयनी.

त्यांनी कधी विचारलं नाही
तुझ्या काचेचा उपयोग काय.
विचारलं असतं तर मी
सौर घट, संवेदक वगैरे
प्रस्तावनेतलं सांगितलं असतं.
त्या दिवशी नुसतीच पट्टी हातात दिली, सातवी,
न तडकलेली.
त्यांनी ती कडेनं धरली.
कुणी शिकवलं, कडेनं धरायला?
उन्हात तिरकी केली. जांभळा, हिरवा, पुन्हा जांभळा.
वार्निश बरं बसनं, म्हणाले.
मग नखानं, न टेकवता,
हाऊ कोपरा पातय शे.
आठे तुन्हा हात हालना.

सोमवारी मी तो कोपरा मोजला.
तीन वेळा मोजला.
इतर ठिकाणी चारशे दहा नॅनोमीटर,
तिथे तीनशे साठ.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे सर आले,
कूलरला पाठ लावून बसले, रुमाल भिजलेला.
जाडी सगळीकडे सारखी नाही
हे तुम्हाला आधी कशावरून कळलं?
मी म्हटलं, रंगांवरून. व्यतिकरण.
खरंच होतं ते.
अर्धंच होतं.
तक्त्यावर बोट ठेवून ते म्हणाले,
हे तीनशे अठरा? चूक आहे का?
कोल्हे मॅडम पंख्याकडे बघत राहिल्या.
मी म्हटलं, सर, हीच ती खोली.

निकाल लागला त्या संध्याकाळी
एरंडोलमार्गे उशिराची बस.
दुकानाचं शटर अर्धं खाली,
आत एकच बल्ब,
बापू कॉइलवर वाकलेले, ओठ हलत होते.
बेचाळीस.
त्रेचाळीस.
कागद माझ्या हातात होता.
मी पायरीवरच थांबले,
त्यांचं मोजून होईपर्यंत.